मधला लेयर

गिऱ्हाईक आमच्या फ्लेक्स-पत्रिका छापायच्या दुकानात टेकलं की समोरच्या गाड्यावरून हाफ चहा सांगायचा, हा आमचा कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीतला शिरस्ता. मग ऑर्डर दोनशे रुपयांची असो नाहीतर वीस हजारांची. २०२५ च्या मार्चमध्ये सिस्टर आणि चाचा एकत्र आले, तेव्हाही मी न विचारता चहा सांगितला. पेले टेबलावर आले आणि चाचांनी छातीला हात लावला, ‘रोजा हाय ताई.’ मी सिस्टरांकडं बघितलं, तर त्या म्हणाल्या, ‘माझा बी ऱ्हाऊ दे. ईस्टरपर्यंत च्या सोडलाय.’ त्या वर्षी पहिला रोजा २ मार्चला आला होता आणि राखेचा बुधवार, म्हणजे ईस्टरआधीच्या ख्रिस्ती उपासांचा पहिला दिवस, ५ मार्चला. दोघांचे उपवास जवळजवळ जोडीनंच लागलेले. दोघं एकमेकांकडं बघून हसले. त्या हसण्यात मी नव्हते. समोर आलं घातलेला गरम चहा आणि तो प्यावा की नाही हे न ठरवता येणारी मी. शेवटी आमचा ऑपरेटर पोरगा पुढं झाला आणि त्यानं एकापाठोपाठ एक सगळे पेले निवांत रिकामे केले.

सिस्टर म्हणजे रिटायर झालेल्या नर्स. सगळी गल्ली त्यांना सिस्टरच म्हणते. चाचांचं मोटर रिवायंडिंगचं दुकान, आता पोरगा बघतो. दोघांच्या घरांमध्ये एक बोळ आहे. बोळाच्या एका अंगाला छोटंसं चर्च आणि त्याच्या कंपाउंडातली ख्रिस्ती घरं, दुसऱ्या अंगाला चाचांच्या भावकीची घरं आणि टोकाला मशीद. मधली भिंत लांबलचक, गिलाव्याचे पोपडे निघालेली, आणि अंधार पडला की तिथं कोण काय करायला थांबतं ते सांगायला नको. तर ही भिंत दोघांनी मिळून रंगवून घ्यायची ठरवली होती. ‘एकीचं कायतरी पायजे,’ चाचा म्हणाले, ‘तुमच्याकडं असतंय की तयार.’ असतंयच. आमच्या कॉम्प्युटरवर ‘एकता’ नावाचं फोल्डरच आहे. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, कुठलीशी शांतता कमिटी, सगळ्यांना त्यातूनच काहीतरी जातं. मी एक फाइल उघडली. खाली तिरंगी पट्टा, कोपऱ्यात कबूतर, वर तीन चिन्हं: मध्ये ओम, डावीकडं चंद्र-तारा, उजवीकडं क्रूस. सिस्टर चष्मा वर ढकलत स्क्रीनजवळ आल्या. ‘झ्याक हाय. फक्त तेवढा मधला ओम काढा.’

‘काढू?’

‘व्हय. देऊळ पुढच्या चौकात हाय की. ह्या बोळात आम्ही दोघंच.’

लेयर सिलेक्ट झाला होता, बोट डिलीटवर होतं, आणि ते खाली जाईना.

मग गेलं. ओम निघून गेल्यावर मध्ये एवढी मोठी मोकळी जागा राहिली की चंद्र एका टोकाला आणि क्रूस दुसऱ्या टोकाला, दोघंही वेगवेगळ्या जाहिरातीतले वाटायला लागले. मी त्यांना धरून जवळ ओढलं. ‘लई जवळ नको,’ चाचा म्हणाले, ‘चिकटल्यागत दिसतंय.’ थोडं लांब केलं. ‘लांब पण नको,’ सिस्टर म्हणाल्या, ‘भांडल्यागत दिसतंय.’ बराच वेळ असं पुढं-मागं चाललं. शेवटी एक प्रिंट काढून दिली, ती गुंडाळून दोघं घरी विचारायला म्हणून गेले.

मी काही फार देवभोळी बाई नाही. लग्नपत्रिकांचं काम करताना गणपती कधी डावीकडं, कधी उजवीकडं, कधी ‘एवढा मोठा नको, जेवणाची वेळ बसेना’ म्हणून बारीक, हे सगळं मी वर्षानुवर्षं करत आलेय. देव डिलीट करताना बोट कधी अडलं नव्हतं. सिस्टरांचा रागही आला नव्हता, त्यांचं कारण अगदी सरळ होतं. तरी रात्री भाकरी थापताना ते बोट आठवत राहिलं. शेवटी लक्षात आलं ते असं, की दोन माणसं माझ्यासमोर बसून आपसांतल्या सलोख्याचं बोलत होती आणि त्यात माझी काही गरज नव्हती. मी छापून देणार, पैसे घेणार, बास. हे लागलं होतं. दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन मी ते सगळं फोल्डर उघडून बघितलं. कुठं मंदिर-मशीद-गुरुद्वारा-चर्च अशी ओळ, कुठं चार टोप्या घातलेली चार पोरं, कुठं नुसते हातात हात. चंद्र आणि क्रूस एकमेकांना लागून आहेत अशी एकही फाइल नाही. त्यांची गाठ पडायची तर आमचा ओम गावच्या पंचासारखा मध्ये बसलेला हवाच. इतकी वर्षं हे डिझाइन मी करतेय, आणि ते मला समतोल वाटत होतं. डोळ्याला समतोल आहेच म्हणा. मध्ये जो बसतो त्याला सगळंच समतोल दिसतं.

कोल्हापुरात सलोख्याच्या गोष्टींची वानवा नाही. पाहुणे आले की बाबूजमाल दर्ग्याच्या दारावरचा गणपती दाखवल्याशिवाय आमचं गावदर्शन पुरं होत नाही. २०१८ आणि २०१९ मध्ये मोहरम आणि गणेशोत्सव एकत्र आले, तेव्हा तालमींच्या मांडवांत पंजा आणि गणपती शेजारी बसले. ते बघताना गळा दाटून आला होता, खोटं कशाला बोलू. पण ह्या सगळ्या गोष्टींत एक बाजू ठरलेली आहे, आणि ती आमची आहे. मिशनरी रेव्हरंड वायल्डर कोल्हापुरात आले १८५२ मध्ये. म्हणजे मिशन कंपाउंड आणि मोहल्ला हे दोघं पावणेदोनशे वर्षं एकाच गावचं पाणी पितायत. त्यांच्यात कोण कुणाकडं शिरखुर्म्याचा डबा पोचवतं, नाताळच्या करंज्या कुठल्या घरात जातात, कुणाच्या मयताला कोण थांबतं, ह्याची एकही गोष्ट मला ऐकून माहीत नव्हती. शाहू महाराजांच्या वसतिगृहांची यादी मात्र शाळेपासून पाठ: १९०६ मुस्लिम बोर्डिंग, १९१५ इंडियन ख्रिश्चन हॉस्टेल. लहानपणी वाटायचं, प्रत्येकाला वेगळं कशाला, सगळ्यांना एकाच इमारतीत ठेवलं असतं तर? आता वाटतं, महाराजांना माणसं कळत होती. आधी ज्याला त्याला स्वतःचं छप्पर, स्वतःची पंगत, आणि मग शेजार. पण तिथंही मुस्लिम शिक्षण संस्थेचं अध्यक्षपद महाराजांनी स्वतःकडं घेतलं होतं. म्हणजे मध्ये बसायची चाल थोरामोठ्यांपासून आहे. फरक एवढाच की महाराजांनी मध्ये बसून जागा दिली, इमारत दिली, पोरांना शिकवलं. माझ्या फाइलमधला ओम नुसताच बसलेला.

जाता जाता एक सांगते. आपल्याकडं सर्व धर्मांना खरोखर समान वागवणारी सार्वजनिक कला एकच आहे, ती म्हणजे जिन्याच्या कोपऱ्यातल्या फरश्या. साईबाबा, क्रूस, मक्का-मदिना, गुरू नानक, लक्ष्मी, ओळीनं, गुडघ्याच्या उंचीवर. लोकांनी थुंकू नये म्हणून. तिथं कुणी मध्ये नाही, कुणी कडेला नाही. सगळ्यांना एकच ड्यूटी. चाचांनी खरं तर आधी तेच सुचवलं होतं, ‘फरश्या बसवूया की.’ सिस्टर म्हणाल्या, ‘येशूला तिथं वॉचमन म्हणून उभा करायचा व्हय?’ विषय संपला.

पण डोक्यातून ते जाईना. मग मोबाइलवर शोधत बसले: क्रूस आणि चंद्र, दोघंच, भिंतीवर. पहिल्यांदा सापडलं ते इजिप्त. १९१९ मध्ये इंग्रजांविरुद्ध तिथं उठाव झाला तेव्हा मोर्चात हिरवे झेंडे होते, त्यावर चंद्रकोर आणि तिच्या कुशीत क्रूस. सर्गियस नावाचे कॉप्टिक, म्हणजे इजिप्तमधल्या जुन्या ख्रिस्ती पंथाचे, धर्मगुरू त्या दिवसांत अल-अझहर मशिदीच्या मिंबरावर, म्हणजे प्रवचनाच्या चौथऱ्यावर, चढून भाषणं करत होते. हे वाचून मी सरसावून बसले. दोघंच आहेत, मध्ये कुणी नाही, आणि डिझाइन म्हणूनही ते फक्कड जमलंय. सिस्टर आणि चाचांचा जो जवळ-लांबचा घोळ चालला होता, तो तिथं एका वळणात सुटलाय. मग पुढचं वाचलं. १ जानेवारी २०११ ला, नव्या वर्षाची प्रार्थना करून लोक निघत असताना, अलेक्झांड्रियातल्या चर्चवर बॉम्बहल्ला झाला. त्यानंतर इजिप्तमधल्या लोकांनी आपापल्या प्रोफाइलवर तोच चंद्र, तोच क्रूस लावला. मनापासूनच लावला असणार. पण मी ह्या धंद्यात आहे. कुठलं चित्र कधी मागायला येतात हे मला कळतं. १९१९ मध्ये समोर इंग्रज होता, तेव्हा ते चित्र कामाचं होतं. पुढं ते घटना घडून गेल्यावर बाहेर निघायला लागलं. ‘एकता’ फोल्डर तिकडंही आहे.

कैरोची भिंत सापडली ती त्याच रात्री. भिंत कसली, ५० च्या आसपास इमारती आहेत. मन्शियत नासर नावाची वस्ती, मोकत्तमच्या डोंगराखाली. कैरोचा कचरा वेचून, निवडून त्यावर पोट भरणारे लोक तिथं राहतात, बहुतेक कॉप्टिक ख्रिस्ती. उष्टंखरकटं खायला त्यांनी डुकरं पाळलेली. २००९ मध्ये स्वाइन फ्लूच्या धसक्यानं सरकारनं देशातली सगळी डुकरं मारायचा हुकूम काढला, ३ लाखांच्या आसपास, आणि मग कैरोत उष्ट्याचे ढीग साचले तेव्हा शहराला कळलं की आपलं खरकटं इतके दिवस कुठं जात होतं. ह्या वस्तीत २०१६ मध्ये एल सीड नावाचा चित्रकार आला. मूळचा ट्युनिशियाचा, जन्म फ्रान्समधला, धर्मानं मुसलमान, अरबी अक्षरांच्या वळणांतून चित्रं काढणारा. तिथल्या फादर समान यांच्या आशीर्वादानं त्यानं त्या विटांच्या, अर्धवट बांधलेल्या इमारतींवर पांढऱ्या, नारिंगी, निळ्या रंगात अक्षरांचा एक प्रचंड गोल काढला. शब्द निवडले ते संत अथनेशियस यांचे, अलेक्झांड्रियाच्या जुन्या बिशपांचे: ज्याला सूर्यप्रकाश नीट बघायचाय त्यानं आधी आपले डोळे पुसावेत. क्रूस नाही, चंद्र नाही.

मला अडकवून ठेवलं ते दुसऱ्याच गोष्टीनं. तो गोल पुरा दिसतो फक्त मोकत्तमच्या डोंगरावरून, एका ठरावीक जागेवरून. एक टोक ह्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीखाली, पुढचं टोक शंभर पावलांवरच्या दुसऱ्या इमारतीच्या चौथ्या मजल्यावर. म्हणजे खाली राहणाऱ्या बाईला आपल्या खिडकीबाहेर नुसतं एक नारिंगी वळण दिसत असणार, पलीकडच्या घराला निळा पट्टा. आधी हे मला चिडवून गेलं. ज्यांच्या घरावर काढलं त्यांनाच वाचता येऊ नये, वर चढणाऱ्या पाहुण्यांना मात्र अख्खं दिसावं, हा कुठला न्याय? आमच्या धंद्यात असं केलं तर गिऱ्हाईक पैसे देणार नाही. मग दोन दिवसांनी पुन्हा ते फोटो बघितले आणि तेवढं काही चुकीचं वाटेना. कुणाच्याच भिंतीवर पुरं वाक्य नाही. शेजाऱ्यानं आपला तुकडा पुसला तर आपल्या तुकड्याला अर्थ नाही. आणि चित्र काढायला आलेल्या माणसानं स्वतःच्या धर्माचं एक अक्षर तिथं ठेवलं नाही. हे शेवटचं मला जरा टोचलंच, मधल्या ओमच्या बाजूनं.

नैरोबीचा प्रकार आणखी वेगळा. एप्रिल २०१५ मध्ये केनियात गरिसाच्या विद्यापीठ कॉलेजवर हल्ला झाला, १४८ माणसं मेली, ख्रिस्ती विद्यार्थी वेगळे काढून मारले गेले. त्या दिवसांनंतर नैरोबीत याझमनी आर्बोलेदा ह्या कोलंबियन-अमेरिकन कलाकारानं चर्च आणि मशिदी पिवळ्या रंगवायचं काम सुरू केलं. चिन्ह नाही, चित्र नाही, नुसता पिवळा. मशिदीची माणसं चर्चला ब्रश घेऊन जाणार, चर्चची मशिदीला येणार. तिथल्या किबेरा झोपडपट्टीच्या पत्र्यांच्या समुद्रात ते भडक पिवळे ठोकळे फोटोत काय दिसतात! मी ते चाचांना व्हॉट्सॲपवर पाठवून दिलं. त्यांचा उलटा मेसेज आला, ‘पिवळा म्हंजे भंडारा की.’ बरोबर होतं त्यांचं. पट्टणकोडोलीच्या जत्रेचे फोटो ज्यानं बघितलेत त्याला पिवळा हा नुसता रंग राहत नाही. मग सुरू झाली यादी. गुलाबी जोतिबाचा. हिरवा लावला तर सिस्टरांच्या बाजूचे म्हणणार, भिंत तुमची झाली काय. निळा जयंतीचा. भगव्याचं बोलायलाच नको. लालवाले पक्षाचे समजतील. पांढरा उरला, तर त्यावर पानाची पिंक आधी. ज्या गावाला कलापूर म्हणतात, जिथं आबालाल रहिमानांनी रंकाळ्याच्या पाण्यातला संध्यामठ रंगवला आणि तो बघताना चितारणारा कोण नि मठ कुणाचा हे कुणाच्या मनातही येत नाही, त्या गावात आज शेडकार्डवर एक मोकळा रंग मिळू नये!

आणि मोस्तार. बोस्नियातल्या ह्या शहराचा जुना पूल ९ नोव्हेंबर १९९३ ला तोफांनी पाडला गेला आणि २००४ मध्ये पुन्हा बांधला गेला, हे पुष्कळांना ठाऊक असतं. युद्धानंतर पश्चिमेला कॅथलिक क्रोएट आणि पूर्वेला मुसलमान बोस्नियाक अशी वाटणी झालेली. तिथल्या काही तरुण मंडळींनी २००५ च्या नोव्हेंबरमध्ये बागेत एक पुतळा बसवला, ब्रूस लीचा. उघड्या अंगाचा, पवित्रा घेतलेला, ब्राँझचा. त्यांचं म्हणणं असं, की आम्ही मुसलमान, सर्ब, क्रोएट कायम राहणारच, पण ब्रूस ली सगळ्यांना आवडतो. हे वाचून मी दुकानात एकटीच मोठ्यानं हसले. पुतळ्याचं तोंड उत्तरेला ठेवलं, म्हणजे तो ह्या बाजूवर धावून जातोय की त्या, हा प्रश्नच नको. आमच्याकडंही पुतळ्याचं तोंड कुठं करायचं ह्यावर मीटिंगा होतात, त्यामुळं ते लगेच पटलं. बसवला त्याच रात्री कुणीतरी त्याची मोडतोड केली, हातातलं नानचाकू पळवलं. पुढं तो दुरुस्तीला गेला, २०१३ मध्ये परत आला, आणि मार्च २०२४ मध्ये पुतळाच चोरीला गेला. म्हणजे काही अगदी कथेसारखं झालं नाही. पण चोरलं ते भंगाराच्या लोभानं असो की आणखी कशानं, त्यावरून दोन धर्मांत दंगल पेटली नाही. क्रूस चोरला असता तर? हा प्रश्न मी तेव्हा सहज मनात घोळवला होता. त्याचं उत्तर सिस्टरांकडून मिळेल असं वाटलं नव्हतं.

एप्रिलमध्ये, ईद होऊन गेली होती आणि ईस्टर यायचा होता, तेव्हा दोघं पुन्हा आले. ह्या वेळी चाचांनी चहा घेतला, सिस्टरांचा बंदच. माझी गुंडाळलेली प्रिंट त्यांनी टेबलावर ठेवली. ‘चिन्हं नकोत,’ सिस्टर म्हणाल्या. मी म्हटलं, अहो, एवढं जुळवून दिलं की. तर म्हणाल्या, ‘क्रूस काढला की त्याची राखण आली. कुणी पान खाऊन पचकन थुंकलं, तर थुंकणारा कोण, कुठला, मुद्दाम का चुकून, हे कोण शोधत बसणार? चर्चवर क्रूस हायच की. त्याच्याकडं आम्ही बघतोय.’ चाचा म्हणाले, ‘आनी चांदाखाली कुणी मुतलं, तर पोरं गप बसतील व्हय? २०२३ बघितलंय की ताई.’

२०२३ आम्ही सगळ्यांनीच बघितलं होतं. मोबाइलवरच्या स्टेटसवरून सुरू झालेलं, ७ जूनचा बंद, दगडफेक, अश्रुधूर, आणि मग इंटरनेट बंद. आमचं शटर खाली, आत मशीनवर अर्धवट छापलेला कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स. पुढं आठवडाभर शाहू महाराजांच्या फोटोचे, शांततेच्या आवाहनाचे बॅनर सुटले, ‘एकता’ फोल्डरला उसंत नव्हती. मी हे सगळं सांगायला लागले, तर चाचा मध्येच म्हणाले, ‘माझा टेम्पो त्या दिवशी चर्चात होता.’ सिस्टरांनी सकाळीच कंपाउंडचं गेट उघडून पोराला हाक मारली होती, गाडी आत घे म्हणून. टेम्पो आत, त्यामागं दोन रिक्षा, आणि चाचांच्या दुकानातल्या गिऱ्हाइकांच्या मोटरी, चटईवर मांडून, रविवारच्या उपासनेच्या बाकांखाली. पाळकसाहेबांनी वरून ताडपत्री दिली. दोन-तीन दिवस सगळं तसंच होतं. ‘ही भिंत त्याचंच भाडं समजा,’ चाचा म्हणाले, आणि सिस्टर हसत त्यांच्यावर ओरडल्या, ‘भाडं कुणी मागितलं तुला!’

गाड्या कुणापासून आत घेतल्या, हे दोघांपैकी कुणी बोललं नाही. मी समोरच बसले होते.

तेव्हा ‘ह्या बोळात आम्ही दोघंच’ ह्या वाक्याला आणखी एक बाजू होती, ती मार्चमध्ये मला कुणी दाखवली नव्हती. दाखवायची गरजही नव्हती, आणि मी ती ओढून काढली असती तर दोघं चहा-पाणी म्हणून विषय बदलून उठले असते. त्यांना माझ्यावर राग नाही, हे मला कळत होतं. नाहीतर माझ्याच दुकानात कशाला आले असते? पण राग नसणं आणि मला त्यात धरणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बाबूजमालच्या दारावरच्या गणपतीवर मी जितक्या हक्कानं बोलते, तितक्या हक्कानं त्या ताडपत्रीखालच्या मोटरींवर मला बोलता येत नाही. इथं लिहितेय ते दोघांना विचारून. सिस्टर म्हणाल्या, ‘लिव्ह की. फक्त आमची नावं नको, आनी चर्चचं बी नको.’ चाचा म्हणाले, ‘टेम्पोचा नंबर पण नको,’ आणि स्वतःच हसले.

भिंतीचं पुढं काय झालं ते ऐका. रंग शेवटी घेतला तो सिमेंटच्या जवळपासचा राखाडी. मळ दिसत नाही, एवढंच कारण. रंगवायला आले ते जुने पेंटर, दुकानांच्या पाट्या रंगवणारे. आमच्यासारख्यांच्या फ्लेक्सनं त्यांचं काम कधीच बसवलंय, तरी मला बघून तोंड फिरवत नाहीत. भिंत घासताना त्यांना मधोमध कोळशानं काढलेल्या रेघा दिसल्या, दोन उभ्या, एक आडवी. बोळातल्या पोरांचा गोलपोस्ट. कोल्हापूर हे फुटबॉलचं गाव. पीटीएम आणि दिलबहार ह्या तालमींच्या संघांची मॅच असली की इथं माणसं धर्म विसरतात आणि पेठेवरून भांडतात. ती भांडणं काही साधी नसतात, पण त्यावर पुन्हा कधीतरी. पेंटर म्हणाले, ‘हेच नीट काढून देऊ काय?’ आणि कुणालाच नाही म्हणायला काही सुचलं नाही. त्यांनी दोरी गेरूत भिजवली, दोन टोकं ताणून धरायला लावली, मध्ये चिमटीत पकडून सोडली, फट्ट. लालसर रेघ भिंतीवर उमटली, एकदम सरळ. एक टोक सिस्टरांच्या नातवानं धरलं होतं, दुसरं कुणी धरलं ते पोरांच्या गर्दीत दिसलं नाही. मग पांढऱ्या ऑइलपेंटचे दोन हात, मागं जाळीच्या बारीक तिरप्या रेघा, त्या इतक्या हौसेनं काढल्या की लांबून खरी जाळी वाटावी. जाळी काढायचे पैसे ठरले नव्हते, ते त्यांनी मागितलेही नाहीत.

अर्थातच भांडण झालं. गोल पक्का झाल्यावर पोरं वाढली, पुढच्या चौकातली पण यायला लागली, आणि बॉल भिंतीवर आपटायला लागला तो ऐन उपासनेत. ‘प्रार्थनेत धाड धाड धाड,’ सिस्टर म्हणाल्या. शुक्रवारी मशिदीतून एक जण बाहेर येऊन पोरांच्या मागं धावला. बैठक बसली, आवाज चढले, बॉल दोन दिवस पाळकसाहेबांच्या कपाटात जप्त होता. शेवटी जे ठरलं ते लिहायला म्हणून दोघं पुन्हा माझ्याकडं आले. दोन बाय तीनचा बोर्ड, ऊन-पावसाला टिकेल असा. वर मोठ्या अक्षरांत ‘बॉल बंद’. खाली ‘रविवारी सकाळी ९ ते ११’, त्याखाली ‘शुक्रवारी दुपारी १ ते २’. मी सवयीनं विचारलं, रविवार वर ठेवू की शुक्रवार? त्यावर चाचा म्हणाले, ‘आठवड्यात जो आधी येतो तो वर.’ सिस्टरांच्या मते आठवडा रविवारी सुरू होतो. चाचांना ते चाललं. मग आमच्या ऑपरेटर पोरानं, जो त्या चौकातलाच निघाला, खाली आणखी एक ओळ सुचवली: ‘दहावीच्या परीक्षेत पूर्ण बंद’. ती दोघांनाही लगेच पटली.

बोर्ड लागून आता बरेच दिवस झाले. त्याचे पैसे यायचे आहेत. सिस्टरांना विचारलं तर म्हणतात चाचा देणार होते, चाचांना विचारलं तर म्हणतात सिस्टरांनी कबूल केलंय.